मिनिमम ड्यू

आमचे चिरंजीव जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि त्यांच्या खिशात क्रेडिट कार्ड आलं. नोकरी नाही, पगार नाही. पण फीसाठी त्याच्या नावावर ठेवलेली एफडी होती, तिच्या तारणावर बँकेने कार्ड दिलं. "तुमचा रुपया लागला नाही, आप्पा!" हे वर. एफडी आता बँकेकडे अडकून पडली, हे त्याच्या गावीही नाही.

बाकी कार्डाचं सगळं तोंडपाठ. कशावर किती कॅशबॅक, कुठे डबल पॉइंट, विमानतळाच्या लाउंजमध्ये जेवण फुकट. गडी अमळनेरला येतो एसटीने, तोही धरणगावपर्यंत उभ्याने.

"इतला पैसा उना कोठून रे?" त्याच्या आईने नवा मोबाईल बघून विचारलं. मी विचारलं, बिल भरलं का?

"भरलं ना. 600."

बिल होतं 12,000 चं. 600 हा मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरायलाच हवेत अशी रक्कम.

मी वहीचा कागद फाडला. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. 12,000 वर 420 रुपये व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. झाले 495 च्या वर. तुझ्या 600 मधून मुद्दल फिटलं शंभरेक रुपये. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू.

पोरगं कागद बघत राहिलं. मग म्हणालं, "पण आप्पा, एवढेच भरा असं त्यांनीच लिहिलंय ना?"

आता काय बोलणार! हॉस्टेलवरच्या भरीत पार्टीचा किराणाही म्हणे याच्याच कार्डावर. मित्र आपापला वाटा याला लगेच देतात आणि ते पैसे बिलाच्या तारखेपर्यंत काही टिकत नाहीत. पॉइंट मात्र टिकतात.

मला राहवेना. म्हटलं, सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचे बेबाकीचे दाखले घेऊन आम्ही गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत चपला झिजवतो, तेव्हा पीककर्ज मिळतं. वेळेवर फेडलं तर केंद्राच्या व्याजसवलतीने 4 टक्क्यांनी. आणि तुम्हाला एका ओटीपीवर 42 टक्के!

त्याचे डोळे एकदम चमकले. वाटलं, पेटली ट्यूब.

"म्हणजे तुमचं ते किसान क्रेडिट कार्ड? त्यावर पॉइंट किती मिळतात, आप्पा?"