तात्पुरती सोय

कुत्र्यांना घरं शोधून देणारी माणसं खोटं बोलत नाहीत. ती फक्त पहिल्या तीन दिवसांतलं खरं सांगतात. "अगदी शांत आहे हो ती, ताई. एका कोपऱ्यात बसून असते. घरात कुत्रं आहे हे कळणारसुद्धा नाही," असं त्या स्वयंसेवक मुलीने मला फोनवर सांगितलं, तेव्हा चिंगी खरोखरच एका कोपऱ्यात बसून होती. घाबरलेलं कुत्रं दुसरं करणार तरी काय? या मंडळींचा एक आडाखा असतो: पहिले ३ दिवस भेदरण्याचे, ३ आठवडे घराची रीत समजून घेण्याचे आणि ३ महिने हे घर आपलंच आहे अशी खात्री पटायला. हा आडाखा तिने मला ऐकवला तो चिंगीला आमच्याकडे सोडल्यावर, जिना उतरता उतरता.

सोय तात्पुरती होती. याला फॉस्टर म्हणतात. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला सांभाळायचं, माणसांत वावरायची सवय लावायची आणि जीव लागायच्या आत दुसऱ्याच्या हवाली करायचं. चिंगी साधारण तीन महिन्यांची. जन्मतारीख कोणालाच माहीत नसल्यामुळे वय दातांवरून ठरवलेलं. आल्या आल्या ती सोफ्याखाली गेली. तिला ओढून बाहेर काढायचं नाही, तिच्याकडे रोखून बघायचं नाही, नुसतं जवळपास जमिनीवर बसून आपापलं काम करायचं, अशी सूचना होती. त्यामुळे आमचं अख्खं घर फरशीवर बसून सोफ्याकडे न बघण्याचं काम करत होतं. तिला आवाजाची सवय व्हावी म्हणून नवऱ्याने पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचला. दुसऱ्याच परिच्छेदाला आतून लांबलचक जांभई ऐकू आली. ताण आला की कुत्री जांभया देतात, हे मी त्याला परोपरीने समजावलं, पण तो दुखावला तो दुखावलाच.

भेदरण्याची मुदत चिंगीने काटेकोरपणे पाळली. मग ती बाहेर आली आणि तिने पहिल्यांदा शू केली.

पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते धरू शकतं, असा हिशोब डॉक्टरांनी सांगितला होता. तो चिंगीला कोणी सांगितला नव्हता. झोपून उठलं की बाहेर न्यायचं, खाल्लं की न्यायचं, खेळलं की न्यायचं. पिल्लं दिवसाला १८-२० तास झोपतात हे वाचून मी फार सुखावले होते. पण ती हे तास किरकोळीत घेतात, ठोक नव्हे, आणि प्रत्येक झोपेनंतर एक जाग असतेच. शिवाय 'बाहेर' म्हणजे खरं बाहेर नाही. लसी दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. तेव्हा जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाचा पाय टेकवायचा नाही. म्हणजे उरली गॅलरी.

शू योग्य जागी झाली की कौतुक त्याच क्षणी करायचं असतं, नंतर केलं तर ते कशाबद्दल हे कुत्र्याला कळत नाही. आणि कौतुक पुटपुटून चालत नाही, गाणाऱ्या आवाजात करावं लागतं. रात्री अडीच वाजता गॅलरीत उभं राहून मी "शाब्बास! किती छान केलीस गं!" असं आळवत असे. शेजाऱ्यांनी याबद्दल कधी काही विचारलं नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.

चुकीच्या जागी झाली तर रागवायचं नाही. सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. "चेहरा बघ तिचा! सगळं कळतंय तिला." मग मी अभ्यास काढला. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने गुन्हा केला की नाही यावर ठरत नाही, मालक रागावतो की नाही यावर ठरतो. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसला की तसाच चेहरा करतात. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या विनूसारखंच." विनू म्हणजे माझा नवरा. त्याने काहीही केलेलं नव्हतं, तरी मान खाली घातली.

दातांबद्दल फार लिहीत नाही. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के यायचे असतात आणि ते सगळे येण्याआधी कशावर तरी घासून बघितले जातात, एवढं पुरे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल, हे सगळं कुत्र्याला विषारी. त्यामुळे घरातली एकेक वस्तू वरच्या फळीवर गेली. चिंगीची उडी वाढली तशी ती आणखी वरच्या फळीवर गेली. आता चहाची साखर काढायलाही स्टूल लागतं.

मात्र कबुतराचं पीस, चपलेचा अंगठा आणि वहीतलं अर्धं पान विनातक्रार गिळणारी चिंगी जंताची गोळी गिळत नसे. गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवायची, तोंड मिटवून धरायचं, गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं की समजायचं, गोळी गेली. चिंगी नाक चाटायची, शेपूट हलवायची, आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो. मग ती सोफ्यामागे जाऊन गोळी शांतपणे खाली ठेवायची. अंगावरचं आवरण तेवढं विरघळलेलं असायचं.

अडॉप्शनच्या जाहिरातीसाठी तिची माहिती मलाच लिहायची होती. मी प्रामाणिकपणे 'चौकस' लिहिलं, 'खेळकर' लिहिलं, 'दातांनी जग समजून घेते' असंही लिहिलं. प्रसिद्ध झाली तेव्हा वर ठळक अक्षरांत 'शांत' होतं.

चौकशा आल्या. एका बाईंना मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती, मुलाला न सांगता. कुत्र्यालाही सांगायचं नव्हतं बहुधा. एका गृहस्थांना राखणीसाठी हवी होती. ते राखणीचं महत्त्व समजावत असताना चिंगी मिक्सरला घाबरून माझ्या ओढणीत शिरली होती. मी दोघांनाही नाही कळवून टाकलं आणि मला जे बरं वाटलं ते संशयास्पद होतं.

मग एक जोडपं आलं. दोघं खाली फरशीवर बसले, तिच्याकडे बघितलं नाही, लसीचं कार्ड मागितलं, नसबंदी कधी करायची ते आपणहून विचारलं. खोट काढायला जागाच नाही. मी घरी कोण असतं, रात्री कोण उठतं, गावाला गेलात तर काय, असं खोदून खोदून विचारलं. त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. शेवटी नाइलाजाने मी तिच्या सवयींचा कागद त्यांच्या हाती दिला. ती खाताना तिच्याकडे पाठ करून उभं राहावं. चादर झटकू नये. मिक्सर लावण्याआधी तिला सांगावं. दार उघडण्याआधी खाकरावं. सोफ्यावर बसताना डावी बाजू सोडावी.

त्या गृहस्थांनी कागद नीट वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि अदबीने विचारलं, "बरं, आणि तिला काय काय शिकवलंय?"

"अहो, तिला कुठलं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "हे सगळं तिने आम्हाला शिकवलंय."