मोगऱ्याचा उपास

मोगऱ्याची कळी पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त करता येतो. डिसेंबरात त्याच मोगऱ्याला चोरून तांब्याभर पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकूंचा कसा करायचा, ते कुठल्या पुस्तिकेत मला सापडलेलं नाही.

कळ्या धरतात नव्या फुटीवर. थंडीत पाणी मिळत राहिलं की झाड विश्रांती घेतच नाही, नुसती पानं काढत बसतं. म्हणून डिसेंबर लागला की जमिनीतल्या मोगऱ्याचं शिपणं बंद. (कुंडीतल्याचं फक्त कमी करायचं, पानं मलूल दिसली की थोडं द्यायचं.) पानं पिवळी पडू लागली की गडग्यापलीकडून चौकशी येते, "गो, झाड मेला काय तुजा?" मी सांगते, उपास आहे. उपास म्हटल्यावर कोणी हरकत घेत नाही. कुठला, एवढंच विचारतात.

जानेवारीच्या अखेरीस छाटणी. जमिनीपासून दीडेक फूट ठेवून वरचं सगळं उडवायचं, वाळक्या काड्या बुडाशी कापायच्या, उरलीसुरली पानंही काढायची. कात्री धारदार हवी. नारळाच्या कोयत्याने फांदी चिरते आणि चिरलेल्या जागेपासून खाली वाळत जाते. आठवड्याने आळं खुरपून घमेलंभर कुजलेलं शेणखत घालायचं. आमच्या जांभ्याच्या मातीतलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, सोडत नाही. म्हणून खतात दोन मुठी हाडांचा चुरा मिसळून मुळांजवळ द्यावा. युरियाचा हात आवरावा, त्याने झुडूप माजतं आणि गजरा राहून जातो. मग भरपूर पाणी, पण न्हाणीचं नको. साबणाच्या पाण्यावर माड खुशाल वाढतो; मोगऱ्याला मात्र मातीतलं लोह उचलता येईनासं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, अशी लक्षणं दिसली की मोरी कुठे सोडली आहे ते बघावं.

एवढं करून झाड फणसाच्या सावलीत असेल तर सगळं फुकट. सहा तास ऊन हवंच.

मार्चपासून कळ्या. जांभळट पडलेली, भोक असलेली कळी अळीची. ती खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायची, झाडाखाली टाकायची नाही.

पाऊस लागला की नव्या रोपासाठी वीतभर जून झालेली काडी लावायची, दोन पेरं मातीत, दोन वर. मागेल त्याला काडी द्यावी. कळ्या मागणाऱ्यांना मात्र दिवे लागायच्या आत बोलवावं. रात्री उमललेली फुलं ओवायला कोणी बसत नाही.