‘शेजार बघा’ म्हणजे ‘आडनाव बघा’ नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रीसेलच्या घरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न देता लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तिथेच खाली उत्तर दिलं असतं, पण ते चार ओळींत मावणारं नाही. शिवाय तुमच्यामागून आणखी काही जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावल्या आहेत, म्हणून वेगळं लिहिते.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंबिवलीत जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताना कागद तर बघाच, पण टोकन देण्याआधी त्या आवारात एखादी संध्याकाळ थांबा. नोटीस बोर्ड वाचा, वॉचमनशी बोला, गणपतीला, कोजागिरीला माणसं गच्चीवर जमतात का ते विचारा. थोडक्यात, शेजार बघा. विकणाऱ्यांनाही मी सांगितलं होतं की सोसायटीची येणी भागवा, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) शोधून हाताशी ठेवा, मगच जाहिरात द्या. त्यावर तुम्ही लिहिलंत:

‘काकू, तुमचं “शेजार बघा” म्हणजे “आडनाव बघा” याचंच गोडगोड रूप आहे. कोजागिरीच्या दुधाने टायटल क्लिअर होत नाही. ट्रान्स्फर फीची माहिती अर्धवट, कन्व्हेयन्सवर एक ओळ, बोगस रेराच्या इमारतींवर अवाक्षर नाही. मला आडनाव ऐकून दोन सोसायट्यांतून परत पाठवलंय. तिथेही कोजागिरी होतच असणार.’

(बाकीच्या वाचकांसाठी: टायटल म्हणजे घरावरचा मालकी हक्क, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, रेरा म्हणजे नव्या बांधकामांची सरकारी नोंदणी.)

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्स्फरचा प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना घ्यायची रक्कम, जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येतो, एवढंच मी लिहिलं होतं. ही कमाल मर्यादा आहे, त्या आत किती घ्यायचे ते सर्वसाधारण सभा ठरवते. घरातल्या घरात किंवा वारसाच्या नावावर घर होत असेल तर प्रीमियम नाहीच. 500 रुपये ट्रान्स्फर फी आणि 100 रुपये प्रवेश फी वेगळी. बिल्डिंग फंड, उत्सव निधी, देणगी अशा कुठल्याही नावाखाली वरचे पैसे मागता येत नाहीत. हे आता लेखात घातलं आहे. त्याबद्दल तुमचे आभार, मनापासून.

आता ‘काकू’. बिल्डिंगमधली मुलं मला काकूच म्हणतात आणि मी ओ देते. पण तुमचा ‘काकू’ तो नाही. बाईने घराच्या व्यवहारावर लिहिलं की त्याला स्वयंपाकघरातल्या गप्पांत जमा करायचं, त्यातला तो आहे. हाच लेख एखाद्या सीएने लिहिला असता तर तुम्ही त्यांना ‘सर’ म्हणाला असतात. मी बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली आहे, सोसायटीची सेक्रेटरी म्हणून ऑडिटरच्या प्रत्येक शेऱ्याला उत्तरं दिली आहेत. इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सर्च रिपोर्ट (मालकीच्या इतिहासाचा तपास), चेन ॲग्रीमेंट (आधीच्या खरेदी-विक्रीचे करार) हे माझ्या हाताखालून गेलेले कागद आहेत. ‘कोजागिरीच्या दुधाने टायटल क्लिअर होत नाही’ हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मतभेद असू देत, पण असं हिणवून बोलायचं कारण काय होतं?

आणि ते पहिलं वाक्य. खरं सांगते, ते मला लागलं. तुम्ही मला ओळखत नाही, माझं एकच लिखाण वाचलंत आणि त्यावरून मी माणसं आडनावांवरून निवडते असं ठरवून मोकळे झालात. एवढा मोठा आरोप करताना माणसाने थोडं थांबावं.

मी कुठून आले ते सांगते. गिरगावातली खोली सोडून आमचे वडील डोंबिवलीत आले ते जागा परवडत होती म्हणून. त्या काळात बहुतेक सगळे त्याच कारणाने आले. आमच्या मजल्यावर एक मालवणी घर, एक तमिळ घर, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरीला असलेले मल्याळी गृहस्थ आणि कोपऱ्यात एक गुजराती आजी. माझ्या आईने इडलीचं पीठ आंबवायला शिकलं ते त्या तमिळ मामींकडून. कुठल्या दारात सुकटाचा वास येतो आणि कुठल्या दारात नाही यावरून कुणाचं येणं-जाणं थांबलं नाही. 26 जुलै 2005 ला गाड्या बंद पडल्या आणि आम्ही दोघं नवरा-बायको मुंबईत अडकलो, तेव्हा आमच्या मुलांना शेजारच्यांनी जेवू घालून झोपवलं होतं. ‘शेजार’ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ही माणसं असतात. तुमच्या डोळ्यांसमोर आडनाव आलं, त्याला मी काय करू?

आणखी एक सांगते. हे कधी लिहायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत. मी सेक्रेटरी असताना एका फ्लॅटच्या ट्रान्स्फरचा अर्ज आला. कागद स्वच्छ, येणी शून्य. कमिटीतले एक सभासद मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘जरा बघा ना, कोण आहेत ते.’ मी त्यांना मीटिंगला या म्हटलं. मीटिंगमध्ये प्रोसीडिंग बुक त्यांच्यापुढे सरकवलं, त्यावर पेन ठेवलं आणि म्हटलं, तुमची हरकत तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही करा. सहकार कायद्याचं कलम 23 पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू देत नाही, तेव्हा कारण काय ते लिहावंच लागेल. त्यांनी पेनाला हात लावला नाही. पाण्याची बाटली पुढे ओढली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि ‘पुढचा विषय घ्या’ म्हणाले. ठराव एकमताने झाला. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नव्या मालकांचं नाव मी स्वतः चढवलं. ते नवे मालक आज सोसायटीचे खजिनदार आहेत.

आता सांगा, मी आडनाव बघते?

तुमच्या खाली एका वाचकाने सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा पारशी सोसायटीचा निकाल टाकला आहे आणि ‘कायद्यानेच परवानगी आहे’ असं म्हटलं आहे. ते प्रकरण अहमदाबादच्या सोसायटीचं, गुजरातच्या कायद्याखालचं. सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, तिथे नोंदलेला होता. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्या सरकारने आखून दिलेल्या आदर्श (नमुना) उपविधींवर चालतात, त्यांत असलं काही नाही. त्यामुळे तो निकाल इथे फेकून उपयोग नाही.

शेजार बघायचा म्हणजे काय बघायचं, तेही एकदा स्पष्ट करते, कारण लेखात ते होतं आणि तुम्ही ते ओलांडून गेलात. जिन्याखालचा तो काचेचा नोटीस बोर्ड घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लागायला हवी. बोर्डावरची शेवटची नोटीस कधीची आहे? कागद पिवळा पडलाय, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही, म्हणजे सभा होत नाहीत आणि हिशेब कुणी विचारत नाही. शेजारी थकबाकीदारांची यादी असते. तुम्ही घेताय त्या फ्लॅटचा नंबर तिच्यात असेल तर ती येणी चुकती झाल्याशिवाय सही करू नका, कारण नंतर सोसायटी तुमच्या दारात येणार, आणि थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावायची उपविधींत मुभा आहे. यादीत अर्धी बिल्डिंग असेल तर आणखीच वाईट. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला पैसे कुठून येणार? संध्याकाळी पाणी सोडायच्या वेळी तिथे उभे राहा. वरच्या मजल्यावरची बाई खाली हाका मारते का, टँकरचा हिशेब कोण ठेवतं, हे कुठल्या सर्च रिपोर्टमध्ये येतं?

हवेचंही तेच. 2020 साली आमच्या एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांत तिथल्या कारखान्यांत स्फोट झाले, लांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दुपारी बारा वाजता फ्लॅट दाखवायला नेलं तर त्या भागात काहीच जाणवत नाही. रात्री उग्र वास कुठल्या गल्लीपर्यंत येतो ते तिथे राहणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं. आणि तो माणूस तुमच्याशी खरं बोलेल का, हे त्या बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांशी किती बोलतात त्यावर असतं. मी कोजागिरीबद्दल विचारा म्हटलं ते यासाठी. ज्या सोसायटीत दूध आटवायला माणसं जमतात तिथे प्लास्टर पडलं तरी जमतात आणि पुनर्विकासाची वेळ आली तर एका टेबलाशी बसतात. हे मी पाहिलं आहे. पाडव्याची स्वागतयात्रा ज्या गावाने महाराष्ट्राला दिली, त्या गावात राहून मी सणांबद्दल लिहायचं नाही तर कशाबद्दल लिहायचं?

बोगस रेराच्या इमारतींवर लिहिलं नाही, कारण लेख जुन्या, नोंदणी झालेल्या सोसायट्यांवर होता. पण विषय काढलाच आहात म्हणून सांगते. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये दिले. महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून त्यांना महारेराचा नंबर मिळवलेला होता. म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हातात कागद होतेच. नुसत्या कागदावर विसंबू नका, हेच तर मी सांगत होते! परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि ती परवानगी त्यांच्याच दप्तरात आहे का ते विचारायचं. याला माणसं लागतात, चप्पल झिजवावी लागते.

कन्व्हेयन्सवर एक ओळ होती आणि ती पुरेशी होती: मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढलंय का बघा. नसेल तर 2008 च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी कन्व्हेयन्स मिळवायची, सोय आहे, अर्ज झालाय का ते सेक्रेटरीला विचारा. याच्या पुढे लेखात लिहायचं तर तो वकिली कागद होईल, आणि माझे वाचक तेवढ्यासाठी इथे येत नाहीत.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. तुम्हाला परत पाठवलं ते वाईट झालं, आणि ते करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण तुमचा राग त्यांच्यावर निघायला हवा होता, माझ्यावर नाही. पुढच्या वेळी विकणारा म्हणाला की ‘माझी काही हरकत नाही हो, सोसायटीच एनओसी देणार नाही’, तर त्याला आदर्श उपविधींतला 38वा उपविधी दाखवा. शेअर्स हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागतच नाही. विकणाऱ्याने पंधरा दिवस आधी सोसायटीला नोटीस द्यायची, बस. बँक कर्जासाठी एनओसी मागते, तेव्हा लेखी मागा आणि नाकारली तर नकारही लेखी घ्या. सभासदत्वाचा अर्ज देताना पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का असू द्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याने तुम्ही सभासद झालात असं धरलं जातं. नाकारलं तर कारणासह कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि उपनिबंधकांकडे अपील करता येतं. तोंडी ‘नाही’ ऐकून जिना उतरू नका. विकणाऱ्यालाच द्यायचं नसेल तर मात्र त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, तिथे वेळ घालवू नका.

तुम्ही कुठल्या भागात बघताय ते लिहिलं नाहीत. कल्याण-डोंबिवलीत बघत असाल तर कळवा, कागद मी बघून देईन. फक्त या वेळी खाली नाव लिहा.