12.6 व्होल्टच्या नियमापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात चालल्यात

सोलरवर चालणाऱ्या घरांसाठी ‘सोपी तपासणी’ म्हणून एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात लिहिलंय: इन्व्हर्टर रात्री ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडत असेल तर बॅटरीला मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या खाली आकडा आला तर बॅटरी गेली, वर आला तर इन्व्हर्टर गेला. नवा संच परवडत नसेल तर जुन्या बॅटरीला एक नवी जोडा. तरीही व्होल्टेज कमीच असेल तर पॅनेल वाढवा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात ज्या पाड्यांवर लाइन पोचलेली नाही, तिथे मी सोलरची कामं करतो. तिथे 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडच्याच टिकाऊ प्रकारातली बॅटरी घ्यायला माणसं बकऱ्या विकतात. असल्या मेसेजवर विसंबून ती बॅटरी भंगारात गेली की जीव तुटतो.

आधी 12.6 चं बघू. हा आकडा भरलेल्या आणि काही तास आराम दिलेल्या 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा आहे. रात्रभर दिवे-पंखा चालवून सकाळी 12.2 दिसत असेल तर ती साधारण निम्मी रिकामी झालीय, मेलेली नाही. उलट संध्याकाळी चार्जिंग थांबल्याबरोबर मीटर लावलं तर निकामी झालेली बॅटरीसुद्धा 13 दाखवते, आणि तासाभरात तो फुगवटा उतरतो. बॅटरीची पारख करायची तर लोड चालू ठेवून मीटर बघा आणि हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायच्या नळीनं) बॅटरीतले सहाही सेल, म्हणजे कप्पे, तपासा. भरलेल्या बॅटरीत पाच सेल 1.240 च्या आसपास आणि एकच 1.100 वर असेल तर तो सेल गेलाय, मग बाहेरून व्होल्टेज कितीही बरं दिसो.

‘12.6 च्या वर असेल तर इन्व्हर्टर गेला’ या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मधे वायर असते, ती या मेसेजमध्ये कुठेच नाही. एका घरी मिक्सर लावला की इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद व्हायचा. बॅटरी ओट्यावर, इन्व्हर्टर आत, मधे 6 मीटर अंतर आणि 10 स्क्वेअर एमएमची वायर. घरच्या वहिनींना मिक्सर चालू ठेवायला सांगून मी आधी बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर लावलं: 12.1. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर: 10.6. इन्व्हर्टर 10.5 ला कट होणारा. दीड व्होल्ट वाटेतच गळत होता.

हिशोब अवघड नाही. 450 वॅटच्या मिक्सरला 12 व्होल्टचा इन्व्हर्टर बॅटरीतून जवळजवळ 50 अँपिअर ओढतो. जाऊन-येऊन 12 मीटर तांब्याच्या त्या वायरीत 1.15 व्होल्ट जातात. उरलेले कुठे? एक प्रोब शिशाच्या खुंटीवर आणि दुसरा तिच्यावरच कसलेल्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर ठेवला, तर मधे 0.35 व्होल्ट. नटाखाली पांढरट-हिरवट भुकटी साचली होती, आणि लगला बोट लावलं तर चटका बसला. बसणारच, त्या एका जोडावर 17 वॅटची उष्णता तयार होत होती. इन्व्हर्टर बंद करून, आधी निगेटिव्ह सोडवून, खुंटी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुतली, लग नवा दाबला, इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभर अंतरावर आणला आणि 35 स्क्वेअर एमएमची वायर टाकली. मिक्सर चालू असताना दोन्हीकडच्या आकड्यांत आता व्होल्टच्या दहाव्या हिश्शाचाही फरक येत नाही. बॅटरी जुनीच, इन्व्हर्टरही जुनाच.

जुन्याला नवी जोडण्याचा सल्ला तर ऐकूच नका. समांतर जोडलीत तर लोडचं ओझं जवळजवळ सगळं नवीवर पडतं, आणि जुनीत एखादा सेल शॉर्ट असला तर ती रात्रभर नवीचा चार्ज पीत बसते. 24 व्होल्टसाठी एकापुढे एक जोडलीत तर जुनी आधी रिकामी होते आणि भरताना आधी उकळते.

पॅनेल वाढवल्यानं अँपिअर वाढतात. व्होल्टेज किती चढू द्यायचं हे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर ठरवतो, ट्युब्युलरला साधारण 14.4. ऊन चांगलं असूनही दुपारपर्यंत बॅटरी तिथवर चढतच नसेल तर सावली, धूळ किंवा दिवसाचा लोड बघा. तिथे पॅनेल खरंच कमी असू शकतं, एवढं मी मान्य करतो. पण कंट्रोलर कुठला आहे ते आधी बघा. साध्या, स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरवर 72 सेलचं 330 वॅटचं पॅनेल लावलं तर ते बॅटरीच्याच व्होल्टेजला खाली ओढलं जातं: 13 व्होल्ट आणि 9 अँपिअरच्या आत, म्हणजे फार तर 115 वॅट. असली आणखी दोन पॅनेलं घेण्याआधी त्या पैशात एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलणारा कंट्रोलर बसवा.

लिथियमवाल्यांनी हा मेसेज सरळ पुसून टाकावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्ध्यावर असतानाही 13.2 दाखवते, आणि 12.6 ला जवळजवळ रिकामी झालेली असते. ट्युब्युलर काढून लिथियम बसवली असेल तर कंट्रोलरमधलं इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजनं केलेलं चार्जिंग) आजच बंद करा.