लॅपटॉप उघडायच्या आधी भिंतीवर कागद लावा

सांगली-मिरजेत डिझाइनच्या मुलांना सादरीकरण शिकवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: पहिले दोन तास लॅपटॉप बंद ठेवायला लावा. टेम्प्लेट उघडलं की मुलं रंग निवडत बसतात आणि सांगायचं काय, हे शेवटच्या रात्रीवर जातं.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर एकच चित्र. दहा मिनिटांच्या सादरीकरणाला असे आठ तुकडे पुरतात. हातात पेन्सिल नको, जाड स्केचपेन द्या. त्याने बारकावे काढताच येत नाहीत, म्हणून मूळ मुद्दा तेवढा उतरतो. तुकडे भिंतीवर लावून दुसऱ्या मुलाला गोष्ट मोठ्याने सांगायला लावा. चित्रं काढणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. सांगणारा अडखळला, की तिथे एक चित्र कमी आहे. मग दोन तुकड्यांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही तर ती नुसती यादी झाली.

२०१९चा महापूर आपल्याकडे मुलं हटकून निवडतात. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. मुलं लगेच ५७ फूट पाण्याखाली रस्त्यावरचा माणूस काढतात. हे साफ चूक! ते फूट पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे, रस्त्यावर साचलेल्या पाण्याचे नव्हेत. उभी पट्टी काढा, ४० आणि ४५च्या रेघा मारा, मग ५७ची. धोक्याच्या रेघेवरचे १२ फूट म्हणजे एकावर एक उभी दोन माणसं. पुढच्या चित्रात घराच्या भिंतीवरची पुराची खूण घ्या. जमिनीपासून टेप लावून मोजा आणि तोच आकडा लिहा. शीर्षकही नुसतं ‘पूरस्थिती’ नको. ‘धोक्याच्या पातळीच्याही वर १२ फूट पाणी’ असं लिहिलं तर चित्रात काय बघायचं ते कळतं.

मराठी मजकुराकडे तर फारच दुर्लक्ष होतं. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, म्हणून अंतर दीडपट ठेवा. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा होतो. फाइल पीडीएफ करूनच न्या. वर्गात खिडकीच्या पडद्यातून उजेड येतोच, तिथे पांढऱ्यावरची राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. शेवटच्या बाकावर बसून एकदा वाचून बघा.

बोलताना पहिली दोन वाक्यं पाठ हवीत, बाकी नकोत. नवं चित्र आलं की तीन सेकंद गप्प राहायचं. लोक आधी बघतात, ऐकतात नंतर.