कमाटीबागेत जाता, मग म्युझियमच्या दारातून परत का फिरता?

आज सकाळी आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत गेले होते. म्युझियमपाशी सात-आठ वर्षांचा एक मुलगा बाबांचा हात ओढत होता. "बाबा, आत देवमासा आहे ना?" बाबा आपल्यातलेच, मराठी. म्हणाले, "जुनी हाडं काय बघायची? चल, वाघ बघू." आणि नेलं त्याला ओढत. तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला देवमासा आहे तो! ७० फुटांहून लांब सांगाडा. माझे आजोबा आम्हाला दांडिया बाजारातून चालत न्यायचे आणि आधी थेट त्याच्यासमोर उभं करायचे. शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजायला लावायचे. पिंजरे, झोपाळे, भेळ, सगळं त्यानंतर. आम्ही कुरकुरायचो, पण आजोबांपुढे कुणाची टाप!

आपल्या प्रत्येक कार्यक्रमात सयाजीराव महाराजांचा फोटो असतो, हार घालायला सगळे पुढे. मग त्यांनी उघडून दिलेल्या दारातून आत जायला काय होतं? बाग १८७९ ची. तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे होता, हे मान्य. पण म्युझियम पुरं झालं १८९४ ला, महाराजांच्याच राज्यात. चित्रांची गॅलरी १९१४ ला बांधून तयार होती, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं वेळेवर येईनात, म्हणून उघडली १९२१ ला. सात वर्षं वाट बघितली, पण चित्रं आणलीच. कुणासाठी? रावपुऱ्यातल्या कारकुनाच्या पोरानंही ती बघावीत म्हणून! १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा राजा होता तो. त्याची बाग नुसती फुलांच्या घड्याळापुढे फोटो काढायला आहे का?

आणि अकोट्याच्या धातूच्या जैन मूर्ती? आपल्याच शहराच्या जमिनीतून निघाल्या, काही तर हजार वर्षांहून जुन्या. आज अकोट्यात फ्लॅट घेऊन राहणाऱ्या किती जणांनी त्या बघितल्यात?

उन्हाळ्यात आत उकडतं, ठीक आहे. मुलांना वाघ हवा असतो, तेही ठीक.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या बाबांना आठवड्यात एकच सुट्टी मिळत असेल. माझे वडीलही रविवारी थकलेलेच असायचे, म्हणून तर आजोबा न्यायचे आम्हाला. आणि आत देवमासा आहे हे त्या पोराला ठाऊक होतं! म्हणजे घरात किंवा शाळेत कुणीतरी त्याला सांगितलंय. त्या माणसाला माझा नमस्कार.

पण सांगून थांबू नका हो, हात धरून आत न्या. आजी-आजोबांनो, तुम्हाला तर सवड आहे. ज्यांच्या घरी कुणीच मोकळं नाही त्यांनी मला मेसेज करा. येत्या रविवारी साडेदहाला मी म्युझियमच्या दाराशी असेन, मुलांची तिकिटं मी काढेन.