सोसायट्यांच्या बिलांचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या मालकाचे उत्तर: 'एका & पायी अख्ख्या सोसायटीची बिले अडकली' या तक्रारीबद्दल

नमस्कार मॅडम,

एकच तारा दिलात, तो आम्ही कमावलाच आहे. तुमच्या तक्रारी तीन: बिलांची फाइल वर्डमध्ये उघडेना, कऱ्हाडकर आजोबांचे नाव चुकीचे छापले आणि सोसायटीची जुनी नोटीस आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर नुसती इंग्रजी अक्षरे दिसली. पहिल्या दोन चुका आमच्याच. तिसरी आमची नाही.

बिले अडली ती तळमजल्याच्या गाळ्यापाशी, 'पाटील & सन्स'. वर्डची आजची फाइल म्हणजे खरे तर एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचे गाठोडे असते आणि तिच्या पोटात एक्सएमएल, म्हणजे ठराविक खुणा घालून लिहिलेला मजकूर. तिथे & दिसले की पुढे काहीतरी सांकेतिक येणार असे धरले जाते. ते नुसतेच सापडले की वर्ड फाइल उघडायलाच नकार देते. म्हणून & च्या जागी '&एएमपी;' लिहायचे असते, अर्थात रोमन अक्षरांत. आम्ही हे बिलाच्या मजकुराला करत होतो, सभासदाच्या नावाला करायचे राहिले. त्यात तुम्ही सगळी बिले एकाच फाइलीत काढता, त्यामुळे एका गाळ्यापायी सगळेच खोळंबले.

फोनवर आमच्या मुलाने '& ऐवजी आणि लिहा' असे सांगितले, ते चूकच. दप्तरात जे नाव आहे तेच बिलावर यायला हवे. मग घाईघाईत केलेली दुरुस्ती तर आणखी वाईट. यादीत साठवलेले नावच आम्ही बदलले, फाइल लिहिताना ते पुन्हा बदलले गेले आणि बिलावर छापून आले 'पाटील &एएमपी; सन्स'. तुम्ही फोटो टाकलाय तो त्याचाच. आता यादीत नाव जसेच्या तसे राहते. बदल होतो तो फक्त फाइल लिहिताना, तोही एकदाच.

आजोबांच्या नावाचे मला जास्त लागले. 'ऱ्ह' टाइप करायच्या दोन रीती आहेत: एकीत नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी अदृश्य कचरा येतो आणि त्यातली काही चिन्हे एक्सएमएलला चालत नाहीत, म्हणून आम्ही न दिसणारे सगळेच सरसकट काढून टाकत होतो. त्यात ते जोडचिन्हही गेले आणि 'कऱ्हाडकर'चे 'कर्हाडकर' झाले. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन मराठी सोसायट्यांना सॉफ्टवेअर विकले की असे होते. आता जोडचिन्ह काढत नाही, आणि नाव शोधताना दोन्ही रीती एकच धरतो.

जुनी नोटीस मात्र युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाइलीत पहिल्यापासून इंग्रजी अक्षरेच आहेत, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असेच दिसेल. नोटिसा पाठवा, युनिकोडमध्ये करून देतो, पैसे नकोत. फक्त सहीआधी एकदा वाचून घ्या, रफार आणि पहिली वेलांटी अशा रूपांतरात हमखास जागा सोडतात.

या महिन्याची बिले नव्याने काढून तुमच्या मेलवर पाठवली आहेत. आधी गाळ्याचे आणि आजोबांचे उघडून पाहा.